अक्कलखाते

खिडकीचं पाकीट. खिडकीत मी,
शेजवलकरमधला 'ल' गाळलेला.
बाकी हिशेब चोख.

एकेचाळीस महिने, ते म्हणतात,
तुमच्याकडे औषधांचा विमा नव्हता.
महिन्याला एक टक्का दंड, एकेचाळीस टक्के,
दहा सेंटांच्या पटीत बसवून
पंधरा डॉलर दहा सेंट.
दर महिन्याला, हप्त्याच्या वर,
विमा असेपर्यंत.

म्हणजे कधीपर्यंत?
ग्रंथालयात विचारलं. बुधवारी तिथे
मुलांच्या पुस्तकांशेजारी मदतीला माणसं बसतात.
डार्लीन कोवाल्स्कीबाईंनी चष्मा नाकावर सरकवला,
म्हणाल्या, तुम्ही आहात तोवर.
मग ओशाळल्या. सॉरी, मला तसं नव्हतं म्हणायचं.

नियमाला मात्र तसंच म्हणायचं होतं.

निवृत्त झालो तेव्हा माझ्या नखात रोग नव्हता.
मॉमी नदीच्या काठाने रोज चार मैल,
बर्फातसुद्धा, कानटोपी खाली ओढून.
कुंदा फॉर्म घेऊन घरभर मागे.
"नुसती सही कर रे."
मी म्हणायचो, न गिळलेल्या गोळ्यांचे पैसे
कुठला शहाणा भरतो?
तिने स्वतःचा भरला
आणि पुन्हा विषय काढला नाही.
ते न काढणं महागात जाणार,
एवढं तरी मला कळायला हवं होतं.
दर शरदात जाडजूड माहितीपुस्तिका यायची.
तिसरी अजून गराजमध्ये आहे,
डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली.

टोलेडो, काचेचं शहर.
एकतीस वर्षं मी गाड्यांच्या पुढच्या काचा तपासल्या.
दिव्यासमोर तिरकी धरली
की केसाएवढा तडासुद्धा सापडायचा मला.
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं,
आणि आपल्यात त्याला काय म्हणतात ते आठवून
मी त्यांच्या खुर्चीत एकटाच हसलो.
काचबिंदू.
कडेकडेने येतो, म्हणाल्या, दुखत नाही,
माणसाला वाटत राहतं, सगळं दिसतंय.

ते फेब्रुवारीत.
दार ऑक्टोबरात उघडतं,
आत घेतात जानेवारीत.
मधले सगळे थेंब रोखीने,
बोटाच्या पेराएवढ्या बाटलीतले,
आणि तेही महिने दंडात धरलेले.

फेरविचाराचा अर्ज करता येतो, साठ दिवसांत.
कारणासाठी चार ओळी सोडल्यात.
दुसरीकडे विमा होता? नव्हता.
कुणी कळवलं नाही? पुस्तिका आल्या होत्या,
टेबल साक्षीला आहे.
"मी ठणठणीत होतो" हे कारण
कुठल्याच चौकटीत बसेना.
चार ओळी तशाच राहिल्या.

कुंदाच्या वहीत नवा रकाना आला.
किराणा, वीज, बर्फ उपसणारा पोरगा,
आणि त्याखाली, वळणदार अक्षरात: अक्कलखाते.
आकडा पेन्सिलीने.
"दर वर्षी बदलतो म्हणे," ती म्हणाली,
"आणि तुझी अक्कल काही
एका वर्षात फिटायची नाही."

शंभरीपर्यंत भरलं तर किती होतील,
मी गंमत म्हणून गुणाकार मांडला.
तिने कागद ओढून घेतला,
बेरीज तपासली, चूक काढली,
म्हणाली, "भर ना. एवढं भर."

रात्री दहाला मी खुर्चीत मान टाकतो.
तिचा अंगठा माझ्या पापणीवर, हात थोडा कापरा.
"वर बघ. मिटू नकोस."
थेंब गार असतो.
मी छताकडे बघत राहतो, पांढरं, स्वच्छ.
"त्या कोपऱ्यात जाळं धरलंय बघ," ती म्हणते,
"उद्या काढायला हवं."
मी म्हणतो, हो.